वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप: शिकवायला, की नुसत्या सूचनांना?

खडू_फळा (धागाकर्ती)

जूनमध्ये नवं सत्र. दुसऱ्या वर्षाचा संख्याशास्त्राचा वर्ग, १२० विद्यार्थी. निम्मे सातपूर, सिडको, नाशिकरोड, पंचवटीचे. बाकीचे दिंडोरी, पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडून एसटीने येणारे किंवा वसतिगृहात राहणारे. विभागाच्या बैठकीत दरवर्षी ठरतं ते एवढंच: "एक ग्रुप करून टाका." ग्रुप दोन मिनिटांत होतो, खरं काम त्यानंतर सुरू होतं.

सोशल मीडियाकडून चार कामं करून घ्यायची आहेत. सूचना पोचवणं, नोट्स आणि उदाहरणं साठवणं, मुलांची आपसातली चर्चा आणि दर आठवड्याची छोटी चाचणी. माझं मत असं की चर्चा सोडून बाकी तिन्ही जमतात. चर्चेच्या नावाखाली "ओके मॅम", "थँक्यू मॅम" आणि अंगठ्यांची रांग लागते, बस्स.

जाणकारांनी तपशिलात लिहावं. कुठलं सेटिंग, किती मुलांचे गट, काय फसतं. "तंत्रज्ञान हे दुधारी शस्त्र आहे" छापाचे प्रतिसाद निबंध स्पर्धेसाठी राखून ठेवा, प्लीज.

सोमेश्वर_धबधबा

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. वाचतोय.

तासिका_तत्त्व

चारही कामं एका ग्रुपात कोंबली की पहिल्या दोन आठवड्यांतच नोट्स वाढदिवसांच्या शुभेच्छांखाली गाडल्या जातात. म्हणून आधी सूचना वेगळ्या काढा.

साधा ग्रुप न करता कम्युनिटी करा. तिच्यात सूचनांचा ग्रुप आपोआप तयार होतो, तिथे फक्त ॲडमिन लिहितो आणि मुलांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. शेवटचा मुद्दा मुलींसाठी फार मोठा आहे. १२० जणांच्या उघड्या ग्रुपमधून नंबर उचलून रात्री अकराला "हाय" पाठवणारे महाभाग प्रत्येक वर्गात एकदोन असतातच. फक्त लक्षात ठेवा, कम्युनिटीच्या आत जे छोटे ग्रुप कराल तिथे त्या-त्या ग्रुपपुरते नंबर दिसतातच. म्हणून प्रॅक्टिकलच्या बॅचचे ग्रुप करण्याआधी मुलींना विचारा.

पहिल्याच दिवशी बघायची सेटिंग्ज: नवा सदस्य ॲडमिनच्या मंजुरीनेच, ग्रुपची माहिती बदलण्याचा अधिकार फक्त ॲडमिनला, आणि आपोआप पुसले जाणारे मेसेज बंद. हे शेवटचं उघडं राहिलं की कोणीतरी गमतीत सात दिवसांवर टाकतं आणि मध्य सत्र परीक्षेच्या तोंडावर सगळे "नोट्स कुठे गेल्या" विचारत येतात. वेळापत्रकाचा मेसेज पिन करा, ३० दिवसांपर्यंत पिन राहतो.

फाइल्स मात्र तिथे ठेवूच नका. डाउनलोड न केलेली फाइल काही आठवड्यांनी उघडत नाही, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा असं येतं. फाइल ड्राइव्हवर आणि ग्रुपवर फक्त लिंक. लिंक देताना "लिंक असलेला कोणीही, फक्त पाहू शकेल" हे निवडा, नाहीतर परवानगी मागणाऱ्या १२० ईमेल येतील. नोट्समध्ये चूक सापडली तर नवी फाइल नव्याने चढवू नका. त्याच फाइलवर "आवृत्त्या व्यवस्थापित करा" मधून नवी आवृत्ती टाका. लिंक तीच राहते आणि मुलांकडे तीन वेगवेगळ्या नोट्स फिरत नाहीत.

शिस्तप्रिय

असहमत, तेही मुळापासून. विद्यापीठीय शिक्षणासाठी मूडल हे ऑनलाइन वर्ग चालवायचं सॉफ्टवेअर आहे, २००२ पासून आहे, फुकट आहे. ज्या चर्चेच्या नावाने बाई रडताहेत तिची सोय त्यात आयती आहे. फोरम करताना "प्रश्नोत्तर" प्रकार निवडा. विद्यार्थ्याने स्वतःचं उत्तर लिहिल्याशिवाय त्याला दुसऱ्यांची उत्तरं दिसतच नाहीत. "मला पण असंच वाटतं" हा प्रतिसाद जन्मालाच येत नाही. व्हॉट्सॲपवर हे होणं नाही. कोण बोललं, कधी बोललं, किती गुण दिले, सगळी नोंद राहते. नॅकच्या (कॉलेजला दर्जा देणाऱ्या परिषदेच्या) फाइलीला स्क्रीनशॉट चिकटवत बसावं लागत नाही.

बॅकबेंचर

मूडल उत्तमच आहे. त्यात लॉगिन करायला पासवर्ड लागतो, तो प्रवेशाच्या दिवशी एका चिठ्ठीवर मिळतो आणि ती चिठ्ठी त्याच दिवशी सीबीएसला (मध्यवर्ती बसस्थानकावर) वडापावच्या कागदाबरोबर जाते.

तासिका_तत्त्व

@शिस्तप्रिय, प्रश्नोत्तर फोरमबद्दल पूर्ण सहमत. मूडल नसेल तर गूगल क्लासरूममध्ये लघुत्तरी प्रश्न टाकूनही तसंच साधतं, स्वतःचं उत्तर दिल्यावरच इतरांची दिसतात. अडचण एवढीच की मूडलची घंटी कोणाच्या खिशात वाजत नाही. म्हणून दार व्हॉट्सॲपचं, खोली मूडलची. सूचनेत "मूडलवर प्रश्न टाकला आहे" एवढंच लिहून भागत नाही, थेट त्या प्रश्नाच्याच पानाची लिंक द्यावी लागते. मुखपृष्ठाची लिंक दिली की निम्मी मुलं वाटेत गळतात.

नार_पार

शहरातले लोक एक गोष्ट नेहमी धरून चालतात, की प्रत्येकाकडे स्वतःचा फोन आहे. सुरगाणा, पेठकडे पाड्यावर घरात एकच स्मार्टफोन असतो, तो वडिलांचा किंवा मोठ्या भावाचा. दिवसा तो द्राक्षबागेत किंवा साइटवर. मुलीच्या हातात येतो रात्री आठनंतर. ग्रुपमधला नंबरही तिचा नसतोच. तेव्हा:

अंतिम मुदत संध्याकाळी ५ ची कधीच ठेवू नका, रात्री ११ ची ठेवा. एका दिवसाची मुदत तर नकोच, मध्ये किमान एक रविवार यायला हवा. आणि "ऑनलाइन दिसतेस पण उत्तर देत नाहीस" असं कोणाला म्हणू नका, ऑनलाइन तिचा भाऊ असतो.

दुसरं, एमबी. तासाभराचं रेकॉर्डिंग टाकणं म्हणजे त्या मुलाचा दिवसाचा डेटा संपवणं. आवाज मोनो, ३२ केबीपीएसवर साठवला तर दहा मिनिटांचे जेमतेम २.४ एमबी होतात. ६४ वर ४.८. बोलण्यासाठी ३२ भरपूर आहे. सोबत एक पानाची पीडीएफ, जिच्यात उदाहरणाच्या पायऱ्यांना १, २, ३ क्रमांक दिलेत. आवाजात म्हणायचं "आता पायरी ३ बघा". व्हिडिओचं बरंचसं काम होतं आणि एका रेघेच्या नेटवर्कवरही उतरतं.

अनुस्वार

@नार_पार, +१. नोट्सबद्दल दोन तांत्रिक गोष्टी जोडतो.

एक, फॉन्ट. जुन्या मराठी नोट्स बहुतेक श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये असतात. त्यातला मजकूर कॉपी करून ग्रुपवर टाकला की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, कारण मुळात साठवलेली अक्षरं इंग्रजीच आहेत, फॉन्ट त्यांना मराठी मुखवटा देतो. पीडीएफ केली तर दिसायला ठीक, पण "प्रसरण" (व्हेरियन्स) शोधलं तर काही सापडत नाही. एकदाच बसून युनिकोडमध्ये रूपांतर करा. जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासा, चुका नेमक्या तिथे राहतात.

दोन, फळ्याचा फोटो. सगळ्यात जास्त वाटली जाणारी आणि सगळ्यात कमी वाचता येणारी नोट्स म्हणजे हीच. खिडकीसमोरच्या भागावर चकाकी येते, म्हणून फळ्याचे दोन तुकडे करून, किंचित तिरकं उभं राहून काढा. आणि फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की दाबला जातो आणि सर्वात आधी बळी पडतात ते पायाशी लिहिलेले छोटे आकडे. एक्स-वन आणि एक्स-आय यांत फरक कळला नाही तर संख्याशास्त्रात उरलं काय?

रविवार_कारंजा

फळ्यावर लिहिणारा प्राध्यापक शोधून दिल्यास त्याचा फोटो मी स्वखर्चाने डॉक्युमेंट म्हणून पाठवीन. सगळे पीपीटीवाले झालेत.

प्रश्नपेढी

साप्ताहिक चाचणीवर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

व्हॉट्सॲपचा पोल चाचणीला वापरू नका. कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. पहिल्या पाच मिनिटांत वर्गातल्या हुशार पोराने "ब" दाबलं की उरलेला वर्ग "ब" च्या मागे.

टेलिग्रामच्या पोलमध्ये प्रश्नमंजूषा प्रकार आहे. एक पर्याय बरोबर म्हणून आधी ठरवायचा, उत्तर दिल्यावर लगेच चूक-बरोबर कळतं आणि चुकल्यास तुमचं स्पष्टीकरण समोर येतं. मर्यादा ध्यानात घ्या: प्रश्न ३०० अक्षरं, पर्याय १००, स्पष्टीकरण २००. मराठीत हे वाटतं त्याहून कमी पडतं, कारण काना-मात्रा आणि हलन्त वेगळे मोजले जातात. "क्षेत्रफळ" आपल्याला चार अक्षरं वाटतं, यंत्राला नऊ. म्हणून लांब उदाहरण आधी वेगळ्या मेसेजमध्ये द्यायचं आणि पोलमध्ये फक्त "वरील सारणीचा मध्यक किती?"

आणखी एक फसवणूक. चॅनलवरचा पोल निनावीच असतो. कोणी काय उत्तर दिलं ते तुम्हालाही कळत नाही. नावं हवी असतील तर ग्रुपमध्ये पोल टाकून निनावी मतदान बंद करावं लागतं. माझ्या मते निनावीच ठेवा आणि गुण देऊ नका. या चाचणीचा उपयोग वर्गाचं कुठे अडलंय ते कळण्यासाठी. ६० टक्के मुलांनी एकच चुकीचा पर्याय निवडला तर तो पर्याय म्हणजे तुमचा उद्याचा तास. म्हणून चुकीचे पर्याय असेच कसेतरी टाकू नका. प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठराविक चुकीतून निघालेला हवा. प्रसरण काढताना एन ऐवजी एन-वजा-एक ने भागलं तर येणारं उत्तर, वर्गमूळ घेऊन थांबलं तर येणारं उत्तर, मध्य वजा करायचाच राहिला तर येणारं उत्तर.

गुणांची चाचणी वर्गात, कागदावर.

शिस्तप्रिय

टेलिग्राम? जिथे प्रत्येक प्रकाशकाचं प्रत्येक पुस्तक स्कॅन होऊन पडलेलं असतं तिथे मुलांना आपणच बोट धरून न्यायचं?

कलम_कसाई

कायद्याचा मुद्दा निघालाच आहे तर थोडं नीट.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(आय): शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत हा भंग नाही. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याचा बऱ्यापैकी उदार अर्थ लावला, शिकवण्यासाठी जेवढं आवश्यक तेवढं चालतं. त्यामुळे वर्गापुरत्या बंद ठिकाणी एखादं प्रकरण देणं आणि अख्खं पुस्तक उघड्या टेलिग्राम चॅनलवर टाकणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. याच दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये क्लासच्या साहित्याची चोरटी वाटणी करणाऱ्या चॅनलांच्या चालकांची माहिती द्यायला टेलिग्रामला लावलं होतं. "टेलिग्रामवर कोणाला कळतंय" या भ्रमात राहू नये.

ॲडमिनच्या जबाबदारीवर नेहमी विचारलं जातं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, त्यामागे समान हेतू किंवा आधी ठरवलेला बेत दिसावा लागतो. पण हा फौजदारी मुद्दा झाला. कॉलेजची स्वतःची शिस्त वेगळी. यूजीसीने २०२५ मध्ये स्पष्ट केलंय की ज्युनिअरांना छळण्यासाठी केलेले अनौपचारिक व्हॉट्सॲप ग्रुपही रॅगिंगमध्ये धरले जातील. "तो ग्रुप मुलांनी आपसात केला, आमचा नव्हे" असं म्हणून हात झटकता येणार नाहीत.

आणि डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे. तुमचं दुसरं वर्ष असल्याने बहुतेक सुटतील. प्रथम वर्षाला शिकवणाऱ्यांनी मात्र १७ वर्षांच्या मुलांचे फोटो आणि नंबर जगजाहीर करण्याआधी विचार करावा.

बॅकबेंचर

म्हणजे "गुड मॉर्निंग" चे गुलाब टाकणाऱ्याला शिक्षा नाहीच. कायदा गाढव असतो म्हणतात ते काय खोटं नाही.

टॉकबॅक

त्या गुलाबांवरून. अंध विद्यार्थी फोन स्क्रीन रीडरवर वापरतात. एका ओळीत आठ गुलाब टाकले की तो आठ वेळा "गुलाब" वाचतो आणि त्यानंतर कुठेतरी परीक्षेची तारीख येते. याहून वाईट म्हणजे परिपत्रकाचा फोटो. फोटोवर तो "चित्र" म्हणतो आणि पुढे सरकतो. परिपत्रकाचा फोटो टाकायचाच असेल तर त्याखाली तीन ओळी टाइप करा: काय, कधी, कुठे. याचा फायदा डोळस मुलांनाही होतो, कारण महिन्याभराने शोधल्यावर टाइप केलेलं सापडतं.

वर @अनुस्वार यांनी सांगितलेली युनिकोडची गोष्ट आमच्यासाठी सोयीची नव्हे, गरजेची आहे. श्रीलिपीतली पीडीएफ स्क्रीन रीडरला वाचताच येत नाही.

खडू_फळा (धागाकर्ती)

हे डोक्यातच नव्हतं आलं, आभार. परिपत्रकाच्या फोटोचा आणखी एक ताप म्हणजे खोटी परिपत्रकं. जुन्या पत्रावर तारीख बदलून "परीक्षा पुढे ढकलली" फिरवतात. पावसाळ्यात तर हमखास.

तासिका_तत्त्व

त्यावर एकच उपाय, पहिल्या दिवशी नियम सांगून टाका: संकेतस्थळाच्या लिंकशिवाय आलेली कुठलीही सूचना खरी धरू नये, ती मी टाकलेली असली तरी.

रानवाटा

सगळे व्हॉट्सॲप-टेलिग्राममध्येच अडकलेत. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूगोलवाल्यांनी आयनॅचरलिस्ट बघा. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे २००८ साली पदव्युत्तर प्रकल्प म्हणून सुरू झालं, आज जगभरचे अभ्यासक तिथे आहेत. मुलाने झाडाचा फोटो टाकला, ओळख सुचवली, की दुसरा कोणीतरी दुरुस्त करतो. ओळख देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक जण प्रजातीवर सहमत झाले की नोंद "संशोधन दर्जा"ची होते. अनोळखी जाणकाराने चूक दाखवली की मुलं जितकी गंभीर होतात तितकी आमच्या लाल शाईने होत नाहीत.

करायचं कसं: वर्गाचा एक प्रकल्प करा, सीमा ठरवा (गंगापूर धरणाचा काठ, पांडवलेणीचा डोंगर, जे सोयीचं असेल ते). प्रत्येकाने किमान तीन फोटो: पूर्ण झाड, पानाची मांडणी, फूल किंवा फळ. नुसत्या फुलाच्या फोटोवर बहुतेक गवतं आणि शेंगावर्गीय झाडं ओळखता येत नाहीत. हमखास चूक म्हणजे कॉलेजच्या बागेतली जास्वंद. लावलेलं झाड असेल तर "लागवडीचं" अशी खूण करावी लागते, नाहीतर जाणकार मंडळी वैतागतात.

एक धोका. दुर्मिळ प्रजातीची नेमकी जागा उघड करू नका. अंजनेरीवरची सेरोपेजिया अंजनेरिका जगात फारच थोड्या जागी आहे, आणि कंद उपटून नेणारे हौशी लोक कमी नाहीत. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप धूसर करतं, साधारण ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी दाखवतं, म्हणजे उत्तर-दक्षिण २२ किलोमीटरचा घोळ. यादीत नसलेल्यांसाठी हाताने "धूसर" निवडा.

@अनुस्वार, तुमच्या डॉक्युमेंटच्या युक्तीला इथे एक शेपूट आहे. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप त्यातली जागेची माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला की अक्षांश-रेखांश तसेच्या तसे जातात. फळ्याचं काही बिघडत नाही, दुर्मिळ झाडाचं बिघडतं.

पाणकावळा

पक्ष्यांच्या नोंदींसाठी ईबर्ड. नांदूरमध्यमेश्वरला सहल नेणार असाल (राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२०) तर याद्या तिथेच भरून घ्या. किती मिनिटं, किती अंतर आणि "दिसलेले सगळे पक्षी नोंदवले का" हे तीन रकाने भरलेच पाहिजेत. तिसऱ्याला "नाही" म्हटलं तर ती यादी विश्लेषणात फारशी कामाची नाही. संख्याशास्त्राच्या बाईंनाही यात भरपूर माल आहे.

शिस्तप्रिय

आयनॅचरलिस्ट, ईबर्ड वगैरे सोशल मीडिया कुठे झालं? उद्या म्हणाल विकिपीडियाही सोशल मीडिया.

अनुस्वार

का नको? मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला आणि नाशिकबद्दलचे कित्येक लेख अजून चार ओळींचे आहेत. भाषा-इतिहासाच्या वर्गाला याहून चांगला गृहपाठ मिळायचा नाही. फक्त एक खड्डा चुकवा: एकाच आयपी पत्त्यावरून दिवसाला सहाच खाती उघडता येतात. कॉलेजच्या लॅबमध्ये तीस मुलं बसवली की सातव्यापासून सगळे अडतात आणि कार्यशाळेचा तास तिथेच संपतो. आदल्या आठवड्यात मुलांना आपापल्या मोबाइल डेटावर खाती उघडून यायला सांगा. पहिलं लिखाण धूळपाटीवर (सरावाच्या पानावर). आणि वर्तमानपत्रातला उतारा जसाच्या तसा चिकटवायचा नाही, तासाभरात कोणीतरी उडवतं. उडवल्यावर मुलं रुसतात, तेव्हा लेखाच्या चर्चापानावर जाऊन कारण वाचायला लावायचं. खरी शिकवणी तिथे होते.

दिंडोरी_रोड

वैद्यकीय बाजूने एक मुद्दा, कारण नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठ असल्याने इथे ती मंडळीही वाचत असतील. केस चर्चेसाठी एक्स-रे किंवा जखमेचा फोटो ग्रुपवर टाकताना रुग्णाचं नाव आणि नोंदणी क्रमांक मार्करने खोडतात. फोनमधला हायलाइटर पारदर्शक असतो, उजेड वाढवला की खालचं नाव लख्ख दिसतं. खोडू नका, तो कोपरा कापूनच टाका आणि मग त्याचा स्क्रीनशॉट पाठवा. चेहरा, गोंदण, दागिना, दुर्मिळ आजार अधिक गावाचं नाव, यांतल्या कशानेही ओळख पटते. लहान तालुक्यात तर "पेठची पेशंट, वय अमुक" एवढंही पुरतं.

मध्यक_मध्य

आता मूळ प्रश्नाकडे. चर्चा होत नाही हे खरं आहे, पण कारण प्लॅटफॉर्म नाही. "मध्य आणि मध्यक यांतला फरक सांगा" याला चर्चा म्हणत नाहीत, त्याला एकच उत्तर आहे आणि ते पहिल्या मुलाने लिहिलं की विषय संपला.

वाद होईल असा प्रश्न द्या. लासलगाव बाजार समितीचे कांद्याचे दर रोज जाहीर होतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. विचारा की हा सर्वसाधारण दर म्हणजे मध्य (सरासरी), मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) की बहुलक (सर्वांत जास्त वेळा आलेला)? शेतकऱ्याला भावाचा अंदाज द्यायचा तर कोणता आकडा द्यावा? व्यापाऱ्याला कोणता सोयीचा? निफाड-चांदवडची मुलं यात शहरी मुलांना पाणी पाजतात, आणि जी वर्गात तोंड उघडत नाहीत तीच लिहितात.

रचना. १२० जणांना एकत्र सोडू नका. दहा-दहाचे बारा गट. आठवड्याला चारच गट लिहितील, म्हणजे प्रत्येकाची पाळी तीन आठवड्यांनी. चाळीस उत्तरं, प्रत्येकी तीन मिनिटं धरली तरी तुमचे दोन तास जातात. सगळ्या १२० ना दर आठवड्याला लिहायला लावलं तर सहा तास. ते दुसऱ्या आठवड्यात बंद पडतं आणि शिक्षक वाचत नाहीत हे कळलं की मुलंही थांबतात.

सोमवारी रात्री प्रश्न. गुरुवार रात्री ११ पर्यंत स्वतःचं उत्तर, शंभरेक शब्द आणि वहीत हाताने केलेलं गणित. रविवारपर्यंत गटातल्या एकाला प्रत्युत्तर, ज्यात एकतर हरकत हवी किंवा नवी भर. "छान लिहिलंस" ला शून्य. गटातल्या एकाने पाळीपाळीने पाच ओळींत गोषवारा टाकायचा. दहापैकी चार उत्तराला, चार प्रत्युत्तराला, दोन गोषवाऱ्याला. मेसेजच्या संख्येला गुण कधीच नाहीत, नाहीतर एका वाक्याचे सहा तुकडे करून पाठवतात.

चॅटजीपीटीचं काय, हे कोणीतरी विचारणारच. प्रत्येक गटाला वेगळ्या आठवड्याचे दर द्या. बंदी घालण्यापेक्षा ते सोपं.

शेवटची गोष्ट, जी सगळे विसरतात: सोमवारच्या तासाची पहिली दहा मिनिटं त्यातली दोन उत्तरं फळ्यावर घ्या, नाव घेऊन. वर्गात त्या चर्चेचा उल्लेखच झाला नाही तर ती महिनाभरात मरते.

शिस्तप्रिय

हे पटलं. मूडलवरच करा मात्र.

संदर्भ_द्या

@मध्यक_मध्य, रे जुन्को आणि सहकाऱ्यांचा २०११ चा ट्विटरवरचा अभ्यास याच दिशेने जातो. प्रथम वर्षाचे १२५ विद्यार्थी, त्यातल्या ७० जणांना ट्विटरवर कामं दिली, बाकीच्यांना दुसरीकडे. सत्राअखेर ट्विटर गटाचा सहभागही जास्त आणि गुणही. पण लोक हे उद्धृत करताना एक गोष्ट गाळतात: शिक्षक तिथे स्वतः सतत उत्तरं देत होते. त्यामुळे श्रेय ट्विटरचं किती आणि शिक्षकाच्या लक्षाचं किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

रविवार_कारंजा

म्हणजे शिक्षकाने लक्ष दिलं की मुलं शिकतात. धक्कादायक निष्कर्ष.

खडू_फळा (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. सध्या ठरतंय ते असं: सूचना कम्युनिटीवर, फाइल ड्राइव्हवर, अडलंय कुठे हे कळायला टेलिग्रामवर निनावी प्रश्नमंजूषा, आणि कांद्याच्या दरांवरची चर्चा मूडलच्या प्रश्नोत्तर फोरमवर (शिस्तप्रिय, खूश?). टेलिग्राम सक्तीचं नाही, ज्यांच्याकडे नाही त्यांना तेच प्रश्न वर्गात.

दोन शंका उरल्या. सिंहस्थाची मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. त्या वर्षी पंचवटी-रामकुंडाकडचे रस्ते बंद, बस वळवलेल्या आणि सत्र नुकतंच सुरू झालेलं असणार. त्याची सोय कशी करावी? आणि दुसरी, विभागात निम्मे सहकारी सीएचबीवर (तासिका तत्त्वावर, कंत्राटी) आहेत. ते गेले की त्यांचे ग्रुप कोणाचे?

नार_पार

सिंहस्थासाठी आतापासून आवाजाचे धडे करून ठेवा, दहा मिनिटांचे, वर सांगितले तसे. थेट ऑनलाइन तासाच्या नादी लागू नका. पर्वणीच्या दिवशी लाखो लोक एकाच भागात आले की टॉवरवर ताण येणारच. धडे आदल्या आठवड्यातच उतरवून घ्यायला सांगा. आणि त्या दोन महिन्यांत नवा कठीण भाग सुरू करू नका. विदा (डेटा) गोळा करण्याचं काम द्या, गर्दीचं सर्वेक्षण हाच प्रकल्प होऊ शकतो.

तासिका_तत्त्व

सीएचबीबद्दल. एकुलता एक ॲडमिन ग्रुप सोडून गेला की व्हॉट्सॲप उरलेल्यांतल्या कोणालाही ॲडमिन करतं. तो कोण असेल हे तुमच्या हातात नाही.

बॅकबेंचर

मी असेन. वाट बघतोय.

तासिका_तत्त्व

म्हणूनच. विभागाचं एक वेगळं सिम घ्या, साधा फोन चालेल पण व्हॉट्सॲप चालणारा हवा, आणि तो विभागप्रमुखांच्या कपाटात. प्रत्येक ग्रुपमध्ये तो नंबर पहिल्या दिवसापासून ॲडमिन. सिमला रिचार्ज चालू ठेवायची जबाबदारी लेखी एकावर टाका, कारण बरेच दिवस रिचार्ज नसला की नंबर बंद होऊन दुसऱ्या कोणाला दिला जातो. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून तिचा सहा आकडी पिन पाकिटात, पाकीट त्याच कपाटात. ड्राइव्हच्या फाइल्सची मालकीही सहकाऱ्याच्या खाजगी जीमेलवर नको, कॉलेजच्या खात्यावर हवी. कंत्राट संपायच्या आधी फाइल्स कॉलेजच्या खात्यात घ्या. नंतर फोन करून "जरा ती फाइल पाठवता का" म्हणायला तोंड राहत नाही, पगार थकलेला असला तर अजिबातच नाही.

खडू_फळा (धागाकर्ती)

सिमचा अर्ज उद्याच टाकते. रिचार्जचं बिल कोणत्या शीर्षाखाली जातं, माहीत आहे का कोणाला?

रविवार_कारंजा

"संकीर्ण". सगळं "संकीर्ण" मध्येच जातं.